चिंगीचं वजन तीन किलो शंभर ग्रॅम

शुक्रवारी रात्री आठच्या सुमाराला दुकानावरनं सुटून मी तशीच वडगावात आत्याकडं गेले, तर सोप्यात कॉटखाली स्टीलची ताटली सरकवलेली, ताटलीत दूध आणि दुधावर पांढरी पूड अजून विरघळायची होती. आत्याची मांजर चिंगी ताटलीपासनं हातभर लांब, पाय पोटाखाली घेऊन, डोळे अर्धे मिटून बसलेली. मी विचारलं हे काय, तर आत्या म्हणाली, "अगं अर्धी गोळीच घातलीय तापाची, दोन दिस झाले खाईना झालीय, तोंडाला हात लावू देईना, कुठंतरी दुखतंय की तिला." मी ती ताटली उचलली आणि थेट मोरीत ओतली. आत्याला राग आला, दूध वाया घालवलं म्हणून. मग मी तिच्याजवळ बसले आणि सांगितलं की ही अर्धी गोळी पोटात गेली असती तर उद्या संध्याकाळपर्यंत चिंगी राहिली असती की नाही मला माहीत नाही.

मी डी फार्म केलंय, नऊ वर्षं बेळगावात मेडिकलच्या काउंटरवर उभी आहे. महिन्यातनं तीन-चार जण तरी असे येतात, कुणी मराठीत, कुणी "अक्का, बेक्किगे नोविन मात्रे कोड्री" म्हणत. मांजराला दुखायची गोळी द्या. सगळे प्रेमानंच मागतात. म्हणून चिंगीचं प्रकरण पहिल्यापासनं लिहून काढतेय, काय काय पर्याय समोर आले, कुठला का सोडला, कुठला का धरला आणि कुठं आमच्याकडनं चूक झाली ते सगळं.

आधी ती अर्धी गोळी. ६५० ची होती, म्हणजे अर्धी ३२५ मिग्रॅ. चिंगी दुसऱ्या दिवशी काट्यावर ३.१ किलो भरली, म्हणजे किलोला १०५ मिग्रॅ पॅरासिटामॉल. मांजरात किलोला १० मिग्रॅ एवढ्यावरसुद्धा विषबाधा झालेली आहे, त्यामुळं मांजरासाठी ह्या औषधाचा सुरक्षित डोस असं काही नाहीच. कारण असं की आपल्या लिव्हरमध्ये पॅरासिटामॉलला एक साखरेसारखा तुकडा जोडून ते लघवीवाटे बाहेर काढायची सोय असते, मांजराच्या लिव्हरमध्ये ती सोय जवळजवळ नसतेच, त्याचं जीनच निकामी झालंय. मग औषध दुसऱ्या वाटेनं जातं आणि त्यातनं जे विषारी बनतं ते तांबड्या पेशींवर पडतं, रक्त ऑक्सिजन वाहू शकत नाही, हिरड्या चॉकलेटी दिसायला लागतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. वर मांजराचं हिमोग्लोबिन आपल्यापेक्षा कितीतरी नाजूक, विष चिकटायच्या जागा आपल्यात दोन तर त्यांच्यात आठ. उतारा आहे, एन-ॲसिटिलसिस्टीन, माणसांच्या दवाखान्यात मिळतं, पण ते काही तासांच्या आत सुरू व्हायला पाहिजे आणि रात्री नऊला वडगावातनं मांजर घेऊन तुम्ही कुठं जाणार. गोळी कडू होती म्हणून चिंगीनं तोंड लावलं नव्हतं. तेवढ्यावर वाचली.

आता चिंगीबद्दल. तेरा वर्षांची, ऑपरेशन झालेली, आमच्या मामांचा विणायचा माग चालू होता तेव्हा सुताच्या कांड्यांच्या बुट्टीत झोपणारी. माग बंद होऊन सहा वर्षं झाली, पण सांगाडा अजून आतल्या खोलीत आहे आणि चिंगीची जागा त्याच्या वरच्या दांडीवर. आत्या सांगत होती की दिवाळीपासनं ती वर चढायची बंद झालीय, आधी स्टुलावर उडी मारायची, तिथनं मागावर, आता स्टुलाजवळ जाऊन वर बघते आणि परत फिरते. आत्याला वाटलं वय झालं. वय झालंच होतं, पण मांजर दुखतंय म्हणून ओरडत नाही, ते फक्त एकेक गोष्ट करायचं सोडून देतं. अमेरिकेत बारा वर्षांवरच्या शंभर मांजरांचे एक्सरे तपासलेला २००२ चा एक अभ्यास आहे, त्यात नव्वद मांजरांच्या सांध्यात झीज दिसली होती. एवढं कॉमन आहे आणि आपण त्याला आळस म्हणतो.

मी मोबाइलवर चिंगीच्या चेहऱ्याचे फोटो काढले. मॉन्ट्रियल युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरनं दुखणं मोजायची एक पद्धत छापली, कान, डोळे, नाका-तोंडाचा भाग, मिशा आणि डोकं कसं धरलंय ह्या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन मार्क, दहापैकी चार किंवा जास्त आले तर दुखण्याचं औषध द्यायचा विचार करायचा. चिंगीचे कान बाजूला पडलेले, डोळे चिरेएवढे उघडे, मिशा ताठ आणि पुढं, डोकं खांद्याच्या खाली. मी सहा दिले. आत्याला एकेक दाखवलं तशी ती गप्प झाली आणि म्हणाली, "म्हणजे किती दिस सोसलंय हिनं."

तेवढ्यात शेजारचे म्हशीवाले आप्पा आले. कर्नाटकी बेंदूर होऊन आठवडा झालेला, त्यांच्या म्हशीच्या शिंगांना अजून हिंगूळ होता. आप्पा भला माणूस, म्हशीला ताप आला होता तेव्हाचं इंजेक्शन उरलंय, अर्धा एमएल टोचतो, सकाळपर्यंत उठून खाईल म्हणाले. बाटली घेऊनच आले होते. मी ती ट्यूबलाइटखाली धरून वाचली. बारीक अक्षरात, एका मिलीत मेलोक्सिकॅम हे दुखण्या-सुजेचं औषध ५ मिग्रॅ आणि खाली पॅरासिटामॉल १५० मिग्रॅ. हे कॉम्बिनेशन आपल्याकडं गुराढोरांत सर्रास चालतं आणि म्हशीला चालतंही. पण अर्धा मिली चिंगीला म्हणजे किलोला २४ मिग्रॅ पॅरासिटामॉल, वर किलोला ०.८ मिग्रॅ मेलोक्सिकॅम, जे मांजराच्या रोजच्या नेहमीच्या डोसाच्या सोळा पट. आप्पांना मी आकडा करून दाखवला. ते म्हणाले, "पोरी, आम्हाला कोण सांगतंय हे." खरंच कोण सांगतंय, आपल्या भागातली सगळी पशुसेवा गाय-म्हैस डोळ्यापुढं धरून उभी आहे, १९६२ ह्या जनावरांच्या हेल्पलाइनवर फोन केला तर गाडी येते पण ती मुख्यतः गोठ्यासाठी, मांजर म्हणजे आपलं आपण बघायचं.

रात्री काहीही औषध दिलं नाही. मऊ टॉवेलवर निजवलं, पाण्याच्या दोन वाट्या जवळ ठेवल्या, चिकनचं बिनमिठाचं, बिनकांद्याचं पाणी बोटानं ओठाला लावलं तर तेवढं चाटलं तिनं. एक बाजू मात्र वाचवून चाटत होती, डाव्या कोपऱ्यातनं लाळ गळत होती आणि लाळेला वास. तेव्हा मला कळलं की ह्यात सांध्याचं दुखणं जुनं आहे आणि दाताचं नवीन.

शनिवारी सकाळी पाऊस धो धो, रिक्षात बांबूच्या बुट्टीवर दुसरी बुट्टी बांधून आम्ही शहरातल्या एका लहान प्राण्यांच्या डॉक्टरांकडं गेलो. डॉक्टर धारवाडकडचे, आमच्याशी अर्धं कन्नड अर्धं मराठी. ताप नव्हता, १०१.४ फॅरनहाइट, मांजराला ते नॉर्मलच. कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश खाली बसत होती, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालेलं. तोंड उघडलं तेव्हा आत्यानं मान फिरवली. खालच्या डाव्या बाजूच्या एका दाढेला हिरडीच्या रेषेवर खड्डा पडून त्यात लाल मांस भरलेलं, दात आतनं विरघळायचा आजार. माणसाच्या किडीसारखा हा प्रकार नाही, सिमेंट भरून बरा होत नाही, दात काढावाच लागतो. पोटावर हात फिरवून डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं लहान लागतायत, रक्त बघूया.

रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे किडनी थकली की वाढतं ते, ३.४ आलं. लघवी पातळ, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०१८, निरोगी मांजराची १.०३५ च्या वर असते. आत्यानं मला नंतर सांगितलं की वाळूचा टब वर्षभर जास्त ओला लागायचा, तिला वाटलं पाणी जास्त पितेय म्हणजे तब्येत चांगली आहे.

आणि इथं डॉक्टरांनी असा प्रश्न विचारला जो माझ्या डोक्यात नऊ वर्षांत आला नव्हता. घरात कुणी दुखण्याचं मलम लावतं का? आत्याचे गुडघे. मागावर बसून, मग कांड्या भरून चाळीस वर्षांत गेलेले गुडघे, रोज रात्री डायक्लोफेनॅकचं जेल चोळून झोपायचं आणि चिंगी रोज पायावर. कधीतरी चाटतेही, आत्याच म्हणाली, मला वाटायचं माया करतेय. अमेरिकेच्या औषध खात्यानं २०१५ मध्ये इशारा दिला होता, माणसांनी अंगाला लावलेल्या फ्लर्बिप्रोफेनच्या क्रीममुळं घरातली मांजरं किडनी जाऊन मेली होती. डायक्लोफेनॅक त्याच घराण्यातलं. गिधाडं ज्यानं मेली तेच हे डायक्लोफेनॅक, जनावरांसाठी २००६ पासनं आपल्या देशात बंद, माणसांसाठी चालूच आहे. चिंगीच्या किडन्या ह्या जेलनं गेल्या असं कुणी म्हणालं नाही, तेरा वर्षांच्या मांजराच्या किडन्या तशाही थकतात. पण दुखण्याचं औषध किती सुरक्षित हे तोलताना ती आधीच काय खातेय हे वजनात धरावंच लागतं. त्या दिवसापासनं आत्या जेल लावते आणि वर जुन्या धोतराची पट्टी गुंडाळते, हात साबणानं धुते, चिंगीला दुसरी उशी दिलीय.

मग खरा तोल सुरू झाला.

मी आदल्या रात्रीच मनात मेलोक्सिकॅम धरून बसले होते, सांध्याला आणि दाताच्या सुजेला तेच चांगलं. पण ह्या एकाच औषधाबद्दल दोन खंडांत दोन कायदे आहेत. युरोपात २००७ मध्ये मांजरांना ते जुनाट सांधेदुखीसाठी रोज पाजायला परवानगी मिळाली, पहिल्या दिवशी किलोला ०.१ मिग्रॅ आणि मग रोज ०.०५. अमेरिकेत फक्त ऑपरेशनच्या वेळी एकदाच इंजेक्शन, आणि २०१० मध्ये बाटलीवर चौकटीत इशारा छापायला लावला की मांजराला परत परत दिलं तर किडनी फेल होऊन मृत्यू होऊ शकतो. दोन्ही बरोबर आहेत. फरक आहे तो कुठल्या मांजराला, कुठल्या दिवशी, किती आणि नंतर बघायला कोण आहे ह्याचा. अंगात पाणी कमी असतं तेव्हा किडनीकडं जाणारी रक्तवाहिनी उघडी ठेवायचं काम प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ करतात, आणि मेलोक्सिकॅमसारखी औषधं नेमकी तेच बनू देत नाहीत. सुकलेल्या मांजराला ते देणं म्हणजे आटलेल्या विहिरीवर मोटर लावणं.

म्हणून शनिवारी मेलोक्सिकॅम नाही, हे ठरलं. आत्याच्या एका भाच्यानं फोनवर सुचवलं की डेक्सा, म्हणजे स्टिरॉइडचं इंजेक्शन, मारून घ्या, लगेच खायला लागेल. खाईलही एखाद दिवस. पण स्टिरॉइडनंतर काही दिवस ही दुखण्याची औषधं देता येत नाहीत, दोन्ही मिळून पोटात व्रण करतात, म्हणजे आज डेक्सा मारलं की पुढची वाट बंद. डॉक्टरांनी नको म्हटलं आणि मला ते पटलं.

मग काहीच नको का? घरातले बहुतेक जण तिथंच आले होते, शुक्रवारच्या गोळीचं ऐकून सगळे घाबरलेले, आत्या तर म्हणाली आता तिला औषधच नको, देवावर सोडूया. इथं डॉक्टर थोडे मोठ्यानं बोलले, "नोवु इद्र ऊटा माडंगिल्ल." दुखत असेल तर खाणार नाही. न खाणारं मांजर पाणीही कमी घेतं, पाणी कमी झालं की किडनीवर ताण, आणि दोन-चार दिवस पोटात काही नसलं की लिव्हरमध्ये चरबी साचायला लागते, ते तर किडनीच्या आधी मारतं. दुखणं तसंच ठेवणं हाही एक डोसच आहे, आणि चिंगीला तो दिवाळीपासनं रोज चालू होता. औषध न देण्यात जोखीम नाही असं आपण धरून चालतो, ह्या सगळ्या प्रकरणात मला हीच गोष्ट सगळ्यांत जास्त लागली.

तर आधी पाणी. रिंगर लॅक्टेट कातडीखाली, शनिवारी, रविवारी आणि सोमवारी. उलटी-मळमळीचं इंजेक्शन. आणि दुखण्यासाठी ब्युप्रेनॉर्फिन, जे अफूच्या घराण्यातलं आहे, किडनीला त्रास देत नाही, आणि मांजराच्या लाळेचा स्वभाव क्षारी असल्यामुळं गालाच्या आत सोडलं तरी तिथनंच रक्तात जातं, गिळायची गरज नाही. किलोला ०.०२ मिग्रॅ धरून ०.३ मिग्रॅ प्रति मिलीच्या अँप्युलमधनं जेमतेम ०.२ मिली. हे औषध दुकानातनं कुणालाही देता येत नाही, कायद्यानं डॉक्टरच्या ताब्यात आणि रजिस्टरमध्ये नोंद, तसंच असायला पाहिजे. शनिवारी दुपारी अर्ध्या तासात चिंगीचे डोळे मोठे झाले, ब्युप्रेनॉर्फिननं बुबुळं पसरतात, आणि ती टेबलाच्या कडेला डोकं घासायला लागली. आत्या रडली. मग घरी येऊन तिनं उकडलेल्या चिकनचा वाटलेला गोळा खाल्ला, मी मोजलं, तीन चमचे.

सोमवारी क्रिएटिनिन २.५. शनिवारच्या ३.४ वर आम्ही किडनीच्या आजाराची स्टेज ठरवली असती तर तिसरी ठरली असती, कारण २.९ ते ५ म्हणजे तिसरी. पाणी भरल्यावर ती दुसरीत आली, १.६ ते २.८. सुकलेल्या मांजराच्या आकड्यावरनं किडनी किती उरलीय हे ठरवायचं नसतं, हे डॉक्टरांनी मला समजावलं आणि मी आता काउंटरवर रिपोर्ट घेऊन येणाऱ्यांनाही सांगते, आधी विचारा, त्या दिवशी जनावर पाणी पीत होतं का.

घरी द्यायला गॅबापेन्टिन, नसांच्या दुखण्याचं औषध. आणि इथं मेडिकलवाली म्हणून मला सांगायचंय ते नीट वाचा. आपल्याकडं गॅबापेन्टिन मागितलं की शंभरातल्या बऱ्याच वेळा हातात कॉम्बिनेशन पडतं, कधी मिथिलकोबालामिनबरोबर, कधी नॉर्ट्रिप्टिलिनबरोबर. मिथिलकोबालामिन म्हणजे व्हिटॅमिन, त्याचं एवढं नाही, पण नॉर्ट्रिप्टिलिन मांजराच्या हृदयाला झेपेल असं समजू नका. पट्टीवरचं मोठं नाव वाचून चालत नाही, खालची बारीक ओळ वाचायची. मी नुसत्या गॅबापेन्टिनची १०० मिग्रॅची कॅप्सूल शोधून घेतली. किडनीतनंच बाहेर पडणारं औषध, त्यामुळं डॉक्टरांनी डोस निम्म्यावर आणला, किलोला ५ मिग्रॅ, दिवसातनं दोनदा, म्हणजे एका वेळी साधारण १५. कॅप्सूल उघडून पूड ५ मिली पाण्यात, त्यातलं पाऊण मिली, उरलेलं रात्री टाकून द्यायचं, दुसऱ्या दिवशी नवीन. पहिले दोन दिवस ती चालताना झोकांड्या खात होती, आत्या घाबरली, पण ते सांगितलेलं होतं, आणि स्टूल आम्ही आधीच हलवलं होतं. हे आकडे चिंगीचे आहेत, तिच्या वजनाचे आणि तिच्या रिपोर्टचे, दुसऱ्या मांजराला लावायचे नाहीत.

गुरुवारी दात काढला. भुलीच्या आधी जबड्यातली नस बधिर केली, त्यामुळं भूल कमी लागली. त्या दवाखान्यात मांजराचा बीपी मोजायचं यंत्र नव्हतं, डॉक्टरांनी ते लपवलं नाही. भुलीत बीपी किती पडला हे कळत नसेल तर त्याच दिवशी मेलोक्सिकॅम देऊन किडनीला दुसरा धक्का कशाला, म्हणून ऑपरेशनला फक्त ब्युप्रेनॉर्फिन आणि सलाइन. इथं माझं मत थोडं वेगळं होतं, मला सूज कमी व्हावी म्हणून एक डोस हवा होता. आता वाटतं डॉक्टर बरोबर होते. दाढ कागदावर ठेवून दाखवली, तांदळाच्या दोन दाण्यांएवढी, एक मूळ अर्धं खाल्लेलं. एवढ्याशानं एवढं.

दात गेल्यावर पाच दिवसांत चेहऱ्याचे मार्क दोनवर आले, खाणं पूर्ववत. पण स्टुलाजवळ जाऊन वर बघायचं आणि परत फिरायचं, ते तसंच. म्हणजे सांधे उरले. गॅबापेन्टिननं थोडं मोकळं वाटायचं पण सूज काही त्यानं जात नाही. पुढच्या सोमवारी परत रक्त, क्रिएटिनिन २.२, वजन ३.२, पाणी पितेय, खातेय, उलटी नाही. आता मेलोक्सिकॅमचा विषय परत काढला. स्थिर असलेल्या दुसऱ्या स्टेजच्या मांजराला कमीत कमी लागू पडेल एवढा डोस, नजर ठेवून, देता येतो असं जगभरचे मांजरांचे डॉक्टर आता मानतात, पूर्वीसारखं किडनी म्हटलं की सरसकट नाही असं राहिलेलं नाही. आत्या नको म्हणत होती. मी तिला एवढंच विचारलं, तुझ्या गुडघ्याला जेल नसतं तर? दोन दिवस विचार करून तीच म्हणाली, देऊया, पण मी वहीत लिहिणार.

डोस ठरला दिवसाला ०.१ मिग्रॅ, किलोला ०.०३ च्या आसपास, युरोपातल्या नेहमीच्या डोसापेक्षाही कमी. माणसांची मेलोक्सिकॅमची सगळ्यात लहान गोळी ७.५ मिग्रॅची, ती चिंगीला पंचाहत्तर दिवस पुरेल एवढी, म्हणून गोळीचे तुकडे करायचा विषयच नाही. ०.५ मिग्रॅ प्रति मिलीचं पातळ औषध, ०.२ मिली, पोटभर खाल्ल्यावरच. खाल्लं नाही तर त्या दिवशी औषध नाही. उलटी, काळी शी, मरगळ, यातलं काही दिसलं की बंद आणि फोन. सिरिंजवरनंही गोंधळ होतो, आपल्याकडं इन्शुलिनच्या ४० युनिटच्या सिरिंज घरोघरी असतात, त्यावर ०.२ मिली म्हणजे ८ ची रेघ आणि १०० युनिटवालीवर २० ची, कुणी एकीचा आकडा दुसरीवर वाचला की संपलं. मी साधी एक मिलीची आणली आणि ०.२ वर माझ्या नेलपॉलिशनं लाल रेघ मारून दिली.

तरी चूक झालीच. तिसऱ्या आठवड्यात बाटली संपली, मी कोल्हापूरला गेलेले, आत्याच्या मुलानं दुसऱ्या दुकानातनं आणली. नाव तेच, बाटली तीच दिसायची, पण कुत्र्याची, १.५ मिग्रॅ प्रति मिली. लाल रेघेपर्यंत भरून आत्यानं पाजली, म्हणजे ०.३ मिग्रॅ, तिप्पट. रात्री वहीत लिहायला बसली तेव्हा तिला बाटलीवरचा आकडा वेगळा दिसला आणि तिनं मला फोटो पाठवला, इंग्रजी वाचता येत नाही तिला पण आकडे येतात. किलोला ०.१ च्या जवळ गेलं होतं, निरोगी मांजराला पहिल्या दिवशी देतात तेवढं, म्हणून घाबरण्यासारखं नव्हतं, पण ही निरोगी नव्हती. डॉक्टरांना फोन, तीन दिवस औषध बंद, सकाळी सलाइन, चौथ्या दिवशी रक्त. क्रिएटिनिन २.४ आलं, पुढच्या आठवड्यात परत २.२. कमी डोस धरून चालल्याचा फायदा असा झाला, तीनपट चूक होऊनही आम्ही काठावरच राहिलो. ०.०५ नं सुरू केलं असतं तर तीच चूक किती महाग पडली असती ह्याचा मी हिशोब केलाय आणि तो चांगला नाही. दोष मी त्या मुलाला देत नाही. मी बाटलीचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर आधीच पाठवून ठेवायला हवा होता, तो आता पाठवलाय, नावाखालच्या आकड्याभोवती लाल गोल करून.

सध्या मेलोक्सिकॅम ०.१ मिग्रॅ एक दिवस आड चालू आहे, रोज द्यायची गरज उरली नाही. गॅबापेन्टिन रात्रीचं एकच. दर दीड महिन्यानं रक्त आणि लघवी, लघवीत प्रथिनं जातायत का तेही, कारण बारीक डोसातही ते वाढू शकतं. आत्याच्या वहीत तीन रकाने आहेत, खाल्लं, औषध, मागावर. तिसरा रकाना तिनं स्वतः घातला. गेल्या मंगळवारी त्यात पहिल्यांदा "वर" लिहिलंय, आणि पुढं वेळ, दुपारी ३ वाजून १० मिनिटं.